‘वेळ मिळत नाही, असंच ना?’ : आकड्यांकडून मुलाखतींकडे

शिक्षणशास्त्र विभागात मी संशोधनपद्धती शिकवते. खरं तर इतकी वर्षं संख्याशास्त्रच शिकवत आले: टी-चाचणी, सहसंबंध, प्रश्नावलीची विश्वसनीयता. माझी पीएच.डी. त्यातली आणि नंतरचे शोधनिबंधही त्यातलेच. गुणात्मक संशोधनाचं, म्हणजे आकड्यांऐवजी माणसांच्या बोलण्यातून अर्थ शोधणाऱ्या संशोधनाचं, प्रकरण अभ्यासक्रमात अगदी शेवटी यायचं आणि मी ते दोन तासिकांत उरकायचे. हे आधीच कबूल केलेलं बरं.

जून २०२२. वह्या तपासण्याबद्दलची ३६ विधानांची प्रश्नावली ४१२ शिक्षकांकडून भरून आली होती. क्रॉनबाख अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत याचं माप, ०.८७. तक्रारीला जागा नाही. माहिती संगणकात भरताना एक कागद हाती आला. १९व्या विधानासमोर त्या शिक्षिकेने एकाही चौकटीत खूण केली नव्हती. शेजारी समासात लिहिलं होतं : ‘वही कोणासाठी तपासतेय त्यावर आहे.’ मी त्या रकान्यात ९९ टाकलं आणि पुढे गेले. आमच्या फाइलींमध्ये ९९ म्हणजे ‘उत्तर दिलेलं नाही’.

रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना. उत्तर तर दिलेलं होतं. माझ्या ३६ विधानांत ‘कोणासाठी’ हा शब्द एकदाही नव्हता, एवढंच.

इथून सुरू झालेला अभ्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये शोधनिबंध स्वीकारला जाईपर्यंत चालला. दोन वर्षं आठ महिने. माझ्यासारखं अर्ध्या कारकिर्दीत गुणात्मक संशोधनाकडे वळू पाहणारं कोणी असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण मला तेव्हा पद्धतीवरची पुस्तकं भरपूर सापडली, पण नेमकं कुठे अडखळायला होतं ते सांगणारं कोणी भेटलं नाही.

पहिले तीन महिने नुसतं वाचन केलं आणि त्यातला निम्मा वेळ वाया गेला. ग्राउंडेड थिअरी, फिनॉमिनॉलॉजी, एथ्नोग्राफी, कथनात्मक संशोधन अशा गुणात्मक संशोधनाच्या पद्धती. प्रत्येकाची वेगळी परिभाषा आणि आपसांत भांडणं. ग्राउंडेड थिअरी १९६७ साली ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी मिळून मांडली आणि पुढे त्या दोघांचंच तिच्यावरून बिनसलं, हे वाचून मला जरा धीर आला. पद्धत आधी निवडायची आणि मग तिच्यात बसणारा प्रश्न शोधायचा, असा उलटा उद्योग मी करत होते. विभागातल्या एका ज्येष्ठ सरांनी चहा पिता पिता विचारलं, ‘तुम्हाला नक्की काय कळून घ्यायचंय?’ मी म्हटलं, शिक्षक वही तपासतात तेव्हा ते काय करत असतात. ‘मग त्यांना विचारा की,’ म्हणाले. दुसरे एक सहकारी मात्र म्हणाले, ‘म्हणजे आता गोष्टी गोळा करणार?’ मी हसले, पण ते लागलं. लागलं याचं कारण, दहा वर्षांपूर्वी मीही कोणाला तरी हेच म्हटलं असतं.

शेवटी मुलाखती घ्यायच्या आणि ब्रॉन व क्लार्क यांच्या २००६ सालच्या मांडणीप्रमाणे थीमनिहाय विश्लेषण करायचं, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातून उभे राहणारे सामाईक अर्थ थीम म्हणून मांडायचे, असं ठरलं. सहा टप्पे आहेत, सोपं वाटलं. ते सोपं नाही हे कळायला वर्ष जावं लागलं.

सप्टेंबरमध्ये एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनात सहभागींचं हित जपलं जातं का ते पाहणाऱ्या समितीकडे, अर्ज केला. प्रश्नावलीच्या वेळी हा अर्ज एका दुपारी भरून होत असे. ‘सहभागींना संभाव्य धोका’ या रकान्यात मी सवयीने ‘नाही’ लिहिलं. पाच आठवड्यांनी अर्ज तीन शंका घेऊन परत आला. पहिली : शाळेत शिरकाव मुख्याध्यापकांमार्फत होणार, मग त्यांनी नावं सुचवलेले शिक्षक तुम्हाला नाही म्हणू शकतील का? दुसरी : यातले काही तुमचे माजी विद्यार्थी असतील, त्यांचं काय? तिसरी : तुम्ही शिक्षकांना त्यांनी तपासलेल्या वह्या घेऊन यायला सांगताय. त्या वह्या मुलांच्या आहेत. मुलांची आणि पालकांची संमती कुठे आहे?

आधी चिडचिड झाली. मग तिसरी शंका पुन्हा वाचली आणि गप्प बसले. शिक्षणावर इतकी वर्षं संशोधन करूनही वही मुलाची असते हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

वह्यांचा बेत रद्द केला. त्याऐवजी मुलाखतीत शिक्षकांपुढे एक कोरा कागद आणि लाल पेन ठेवायचं आणि म्हणायचं, ‘अलीकडे तपासलेलं एखादं पान आठवा आणि त्यावर तुमच्या खुणा कुठे कुठे होत्या ते काढून दाखवा.’ नाइलाजाने काढलेली ही पळवाट पुढे माझ्या अभ्यासातली सगळ्यात उपयोगी गोष्ट ठरली. बाकी दोन शंकांसाठी असं केलं : मुख्याध्यापकांकडून फक्त शाळेत येण्याची परवानगी घ्यायची, शिक्षकांनी मात्र थेट माझ्याशी संपर्क साधायचा, कोण आलं, कोण नाही हे मुख्याध्यापकांना कळवायचं नाही, आणि ज्यांना मी शिकवलंय त्यांना घ्यायचं नाही. दुसऱ्यांदा अर्ज केल्यावर आणखी सहा आठवडे गेले. एकूण ११ आठवडे थांबावं लागलं, मंजुरी डिसेंबरमध्ये मिळाली. तुमच्या वेळापत्रकात या कामासाठी निदान तीन महिने धरा, आणि शाळांच्या परीक्षांचा काळ आधीच बघून ठेवा, नाहीतर मंजुरी हातात आणि शिक्षक पेपर तपासण्यात, असं होतं.

जानेवारी २०२३ मध्ये सरावासाठी तीन मुलाखती घेतल्या. प्रश्नांची यादी २७ प्रश्नांची होती. कुठलं विधान सुटू नये ही प्रश्नावलीची खोड. तिन्ही शिक्षकांनी एकच सांगितलं : वेळ मिळत नाही. मला आनंद झाला. माझ्या प्रश्नावलीतही हेच विधान सर्वांत वर आलं होतं.

मग ध्वनिमुद्रण ऐकलं.

स्वतःचा आवाज ऐकणं तसंही कोणाला आवडत नाही, पण इथे प्रकरण वेगळं होतं. पहिली शिक्षिका म्हणते, ‘तपासायला बसलं की मला…’ आणि थांबते. पुढचा आवाज माझा : ‘वेळ मिळत नाही, असंच ना?’ ती म्हणते, ‘हो, वेळ… तेच.’ दुसऱ्या मुलाखतीत हेच, तिसऱ्यातही जवळजवळ हेच. माझं उत्तर मी तिघांच्या तोंडी घातलं होतं आणि ते परत मिळाल्यावर खूश झाले होते.

ध्वनिमुद्रणाच्या आलेखावर मी माझे थांबे मोजले. मोजायची सवय कुठे जाणार! मी सर्वांत जास्त थांबले होते ते दोन सेकंद. गंमत अशी की मेरी बड रो यांचं १९७०च्या दशकातलं काम मी दर वर्षी शिकवते : शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम सेकंदभर थांबतात, तेच तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात आणि विचारपूर्वक येतात. फळ्यावर लिहून देते हे, परीक्षेला विचारते.

त्या तीन मुलाखती मूळ अभ्यासात धरल्या नाहीत. प्रश्न २७ वरून सहावर आणले. ‘सहसा तुम्ही काय करता?’ हा प्रश्न काढून टाकला, कारण ‘सहसा’ विचारलं की माणूस नियम सांगतो. त्याजागी ‘शेवटची वही कधी हातात घेतली होती? तिथपासून सांगा’ असं विचारू लागले. जेम्स स्प्रॅडली यांनी १९७९ मध्ये मुलाखतीची सुरुवात अशाच, माणसाला त्याच्या जगात फिरवून आणायला सांगणाऱ्या, मोकळ्या प्रश्नाने करावी असं मांडलं आहे. आणि समोरचं माणूस थांबलं की टेबलाखाली पायाच्या अंगठ्याने पाच मोजायचे. हास्यास्पद आहे, पण चालतं.

फेब्रुवारी ते एप्रिल १४ शिक्षकांच्या मुलाखती झाल्या, त्यातल्या पाच जणांशी दुसऱ्यांदा बोलले. ‘१४ का?’ हा प्रश्न सगळे विचारतात म्हणून सांगते. १२ मुलाखती पुरतात असं विद्यार्थी छातीठोकपणे लिहितात. ते गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या २००६च्या निबंधावरून आलं आहे. त्यांनी घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या ६० मुलाखती तपासल्या आणि त्यात पहिल्या १२ नंतर नवं फारसं आलं नाही असं नोंदवलं. म्हणजे एकसारखा गट, ठरावीक प्रश्न. २०१७ मध्ये हेनिंक आणि सहकाऱ्यांनी आणखी बारीक भेद केला : मुद्दे कोणते आहेत हे नऊ मुलाखतींत कळलं, पण त्या मुद्द्यांचा अर्थ नीट लागायला १६ ते २४ लागल्या. त्यामुळे १२ हा काही कायदा नाही. मला मॅल्टरूड यांची २०१६ची मांडणी पटली. प्रश्न जितका नेमका आणि संवाद जितका खोल, तितकी कमी माणसं पुरतात. अर्जात मात्र आकडा लिहावाच लागतो. मी ‘१२ ते १८’ असं लिहिलं होतं. तुम्हीही पल्लाच लिहा, पुन्हा परवानगीला जावं लागत नाही.

दोन यंत्रांवर ध्वनिमुद्रण करा. सातव्या मुलाखतीत माझं एक यंत्र ११ मिनिटांनी बंद पडलं होतं आणि मला घरी आल्यावर कळलं. त्याच रात्री, कितीही दमलात तरी, पानभर टिपण लिहा : खोली कशी होती, कोण मधे डोकावलं, कुठे त्यांचा आवाज बदलला. दुसऱ्या दिवशी यातलं काही आठवत नाही.

एक प्रसंग. अकराव्या शिक्षिकेने लाल पेन घेतलं, कागदावर चौकट आखली आणि पेन खाली ठेवलं. मी अंगठ्याने पाच मोजले, मग दहा. ती म्हणाली, ‘या पानावर मी काहीच केलं नव्हतं, मॅडम.’ निबंधात मुलाने घरातल्या भांडणाबद्दल लिहिलं होतं. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, भरपूर. ‘त्यात लाल शाई कुठे लावू? पण न तपासलेलं पान दिसलं तर वरून विचारणा होते. म्हणून खाली तारीख टाकली फक्त.’ माझ्या प्रश्नावलीत हे पान ‘क्वचित शेरे देते’ या उत्तरात गेलं असतं आणि ती शिक्षिका निष्काळजी ठरली असती.

त्याच मुलाखतीत यंत्र बंद केल्यावर दारापाशी ती आणखी काही बोलली. ते सगळ्यात महत्त्वाचं होतं. मी विचारलं, हे लिहू का? ती नको म्हणाली. ते निबंधात नाही, माझ्या टिपणातही नाही. दार लागण्याआधीचं बोलणं ही माहिती की गप्पा, असा प्रश्न तुमच्यापुढेही येईलच. विचारून घ्या, आणि उत्तर ‘नको’ आलं तर तिथेच सोडा.

मे ते जुलै शब्दांकन केलं. साडेचौदा तासांचं ध्वनिमुद्रण उतरवायला माझे ९६ तास लागले, कागद झाले ३१० पानं. आपोआप मजकूर करून देणाऱ्या सेवा आहेत, पण त्यात आवाज दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरवर जातो. संमतीपत्रात तसं लिहिलेलं नसेल तर तो मार्ग बंद. माझ्या संमतीपत्रात नव्हतं. पुढच्या वेळी सोय ठेवीन, तरी पहिल्या दोन-तीन मुलाखती हातानेच उतरवीन, कारण उतरवता उतरवताच त्या पाठ होतात. खऱ्या नावांची यादी आणि टोपणनावं असलेला मजकूर वेगळ्या ठिकाणी ठेवा. टोपणनावं देताना नुसतं नाव बदलून भागत नाही. ‘शाळेतली एकमेव संगीतशिक्षिका’ असं राहिलं की तिचे सहकारी तिला ओळखणारच.

विश्लेषणाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझी फजिती इथे झाली. आधी छापील पानांवर रंगीत पेन्सिली, मग टॅगेट हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरलं. एनव्हिवो, ॲटलस, मॅक्सक्यूडीए ही महागडी साधनं संस्थेकडे असतील तर वापरा, नसतील तर अडून बसू नका. मजकुराच्या कोणत्या तुकड्याला कोणता कोड, म्हणजे छोटं नाव, द्यायचा ते तुम्हालाच ठरवावं लागतं. ऑगस्टअखेर माझे २१२ कोड झाले होते. मग जुनी भीती जागी झाली : हे खरं कशावरून? एका सहकारी मॅडमना दोन मुलाखतींवर कोड द्यायला सांगितलं आणि कोहेनचा कॅप्पा, म्हणजे दोघींचे कोड किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढला. ०.५८. दोन दिवस झोप नीट लागली नाही.

मग ब्रॉन आणि क्लार्क यांचं नंतरचं लेखन वाचलं आणि कळलं की त्यांच्या ज्या पद्धतीचं नाव मी अर्जात लिहिलं होतं तिच्यात कॅप्पाला स्थानच नाही. २०१९पासून ते तिला ‘रिफ्लेक्झिव्ह’, म्हणजे संशोधकाने स्वतःकडेही वळून पाहणारी, म्हणतात. थीम मजकुरात दडून बसलेली नसते, संशोधक ती घडवतो, म्हणून आपण कोण आहोत आणि काय गृहीत धरतोय हे उघड लिहायचं. कोडिंगची विश्वसनीयता मोजणाऱ्या पद्धतीही आहेत आणि त्या चुकीच्या नाहीत, पण एका घरात राहून दुसऱ्या घराचं भाडं भरण्यात अर्थ नाही. त्या मॅडमचा कॅप्पा सोडून दिला, त्यांच्याशी झालेला वाद मात्र ठेवला. जिथे आमचे कोड जुळले नव्हते तिथे बहुतेक वेळा मी शिक्षकाची बाजू घेत होते आणि मॅडम मुलाची. हे मी टिपणवहीत लिहिलं, पुढे निबंधातही एक परिच्छेद त्यावर आला.

त्यानंतर आम्ही तिघीजणी दर पंधरा दिवसांनी बसायचो, एका वेळी चार पानं मोठ्याने वाचायची. एकटीने हे काम झालं नसतं.

जानेवारी ते मार्च २०२४ लेखन. चार थीम होत्या : वेळ, पालक, प्रशासन, विद्यार्थी. एप्रिलमध्ये पहिल्या नियतकालिकाने नऊ दिवसांत, परीक्षकांकडे न पाठवताच निबंध परत केला. मे महिन्यात दुसरीकडे पाठवला; उत्तर ऑक्टोबरमध्ये आलं. पाच महिने. वार्षिक मूल्यमापनात त्या वर्षी माझ्या नावापुढे काहीच नव्हतं आणि हे कोणाला समजावून सांगता येत नाही. नोकरी पक्की नसलेल्यांनी याचा विचार आधी करावा. आकड्यांचं एखादं छोटं काम सोबत चालू ठेवलं तर बिघडत नाही.

पहिल्या परीक्षकाने विचारलं होतं, १४ जणांवरून सामान्यीकरण कसं करणार आणि कॅप्पा किती? दुसऱ्याने दोनच ओळी लिहिल्या होत्या : या थीम नाहीत, तुमच्या प्रश्नांची शीर्षकं आहेत, शिक्षक काय म्हणतात ते कळलं, त्यातून तुम्हाला काय दिसलं?

पहिल्याला उत्तर देणं सोपं गेलं. लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्येच यासाठी वेगळे निकष मांडले आहेत, त्यातला एक म्हणजे संदर्भाचं इतकं भरीव वर्णन द्यायचं की आपल्याकडे हे लागू पडतं का ते वाचणाऱ्याला ठरवता यावं. कॅप्पा का नाही हे नम्रपणे, एका परिच्छेदात लिहिलं. दुसऱ्याचं मात्र सरळ खरं होतं. ‘वेळ’ ही माझी जुनी प्रश्नावलीच होती, कपडे बदलून आलेली.

६० दिवसांची मुदत होती. सगळे लाल पेनचे कागद जमिनीवर मांडले. १४ पैकी नऊ कागदांवर तारीख आणि सही आधी काढलेली होती, बरोबर-चूकच्या खुणा नंतर. इतके महिने ते कागद माझ्याकडे होते आणि मी ते फक्त बोलतं करण्याचं निमित्त समजून बाजूला ठेवले होते. तिथून ‘वही ही पावती’ ही पहिली थीम आली : तपासणी झाली याचा पुरावा, वर दाखवायचा, घरी दाखवायचा. ‘न तपासलेलं पान’ ही दुसरी. ‘वेळ’ गेलाच नाही, तो या दोन्हींच्या आत गेला : वेळ कमी पडतो तो पावत्या फाडण्यात. दोनच थीम ठेवल्या. मुदत संपायच्या चार दिवस आधी सुधारित निबंध गेला, सोबत कोरेक ही, मुलाखतींवरच्या संशोधनाच्या लेखात काय काय सांगायला हवं त्याची, ३२ मुद्द्यांची तपासणीयादी. ती २००७ची आहे आणि त्यातले काही मुद्दे माझ्या पद्धतीला लागू नव्हते. तिथे ‘लागू नाही’ आणि एका ओळीत कारण लिहिलं. चाललं.

फेब्रुवारीत स्वीकारल्याचं पत्र आलं. निबंधाची प्रत चौदाही जणांना पाठवली. तिघांनी उत्तर दिलं. एकाने लिहिलं, ‘मी असं बोललो होतो हे वाचून बरं वाटलं.’ एकीने लिहिलं, ‘मी असं बोलले नव्हते.’ मी तिला तिचं शब्दांकन पाठवलं. त्यावर तिचं उत्तर आलेलं नाही.

संमतीपत्रात लिहिल्याप्रमाणे ध्वनिमुद्रणं ठरलेल्या तारखेला पुसायची आहेत, तीन महिने उरलेत. त्याआधी सरावाची पहिली मुलाखत नव्या विद्यार्थ्यांना ऐकवायचा विचार होता. त्यात माझीच फजिती आहे म्हणून मला चालली असती. पण आवाज तिचाही आहे आणि वर्गात ऐकवण्याची संमती मी घेतली नव्हती. तिला पत्र लिहिलंय.